दगडाशेजारी बसलेले घट

दुर्गा शिर्के संस्थेत नोकरीला लागली त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. तिच्या हातात चहाचा ट्रे होता आणि दारापलीकडे दोन मोठी माणसं भांडत होती. मोठी म्हणजे वयानं आणि घराण्यानंही. एक विश्वासराव निंबाळकर, बडोद्याच्या फतेगंजातली ती संस्था ज्यांनी उभी केली ते, दगडांचे डॉक्टर. दुसरे त्यांचे मावसभाऊ रमाकांत, वाघोडियाच्या बाजूला कारखाना असलेले. दोघांचे आजे संस्थानच्या कचेरीत शेजारी शेजारी बसून वाढलेले, त्यामुळे भांडण अगदी घरचं, अरेतुरेतलं. आत जावं तर आवाज चढलेले, परत फिरावं तर चहा निवणार. दुर्गा तिथंच उभी राहिली. आधी नाइलाजानं ऐकत होती, मग कान देऊन.

विश्वासरावांना पैसे हवे होते. कारखान्यांच्या धुराड्यांतून जो वायू वर जातो आणि सगळं जग तापवतो, तो वर जाऊच द्यायचा नाही, असं ते म्हणत होते. तो धुराड्यातच पकडायचा, दाबून दाबून जमिनीखाली खोल सोडायचा. करजणच्या पलीकडे तेल आटलेल्या जुन्या विहिरी आहेत, त्यांतून पार खालच्या काळ्या दगडापर्यंत. तिथं तो दगडात मुरतो आणि दगडच होऊन बसतो. पण किती वर्षांनी मुरतो, कसा मुरतो, ते आधी इथं, प्रयोगशाळेत, बघायला हवं. त्यालाच पैसे हवे होते.

रमाकांत हसले. ते हसणं दाराबाहेरही ऐकू आलं.

"विश्वास, आपल्या गावात पाण्याची टाकी एक पावसाळा न गळता काढत नाही. तू हवा कोंडून ठेवणार, तीसुद्धा पणतवंडांच्या पणतवंडांपर्यंत? राखणार कोण?"

"राखणारी माणसं मिळतात."

"कुठं मिळतात ते सांग. मलाही हवी आहेत."

तेवढ्यात ट्रेमधल्या बशा वाजल्या. रमाकांतांनी दार उघडलं, दुर्गाकडे पायाच्या नखापासून अंबाड्यापर्यंत पाहिलं आणि मागे वळून म्हणाले, "ही राखणार का?"

दुर्गानं कप टेबलावर ठेवले. चहावर साय धरली होती. "निवलाय," ती म्हणाली, "दुसरा आणते." आणि दुसरा आणला तो असा कडक की रमाकांतांना पहिल्याच घोटाला ठसका लागला. पैसे त्यांनी दिले नाहीत ते नाहीतच. पण "ही राखणार का" हे तीन शब्द दुर्गा घरी घेऊन गेली आणि घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या दोन खोल्यांत नवऱ्याला ते तिनं तीनदा ऐकवले. नवरा सुभाष रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनांच्या आवाजात कान घालवून बसलेला. तिसऱ्यांदा त्याला नीट ऐकू आलं तेव्हा तो म्हणाला, "मग? राखशील की. मला नाही का राखत एवढी वर्षं."

राग आला तो रमाकांतांच्या बोलण्याचा खराच, पण त्याखाली आणखी एक होतं. दुर्गाचं माहेर करजण. वडील छोट्या रेल्वेगाडीच्या फाटकावर कामाला होते. चार बुकं शिकली ती गुजराती शाळेत, मराठी वाचायला शिकली ती आईच्या आरत्यांच्या पुस्तकावरून. भाऊ अजून तिथंच, कपास आणि तूर लावतात, विहिरीचं पाणी पितात. म्हणजे हे सगळे शहाणे लोक जो वायू कोंडायचा म्हणत होते, तो तिच्या भावांच्या पायांखाली कोंडणार होते. तेव्हा तो राहतो की वर येतो, हे बघायला माहेरचं कोणीतरी हवंच की. तिनं मनात स्वतःची नेमणूक करून टाकली. पगार चहापाण्याचा आणि झाडलोटीचा, पण नेमणूक ही.

पुढं केव्हातरी सरकारकडून पैसे आले आणि विश्वासरावांनी काम सुरू केलं. जमिनीच्या पोटातून उपसून काढलेली काळ्या दगडाची एक कांडी, मनगटाएवढी जाड, त्यांनी एका पोलादी भांड्यात ठेवली. त्यात खारं पाणी भरलं, वर तो वायू दाबून भरला, आणि भांडं गरम कपाटात बंद केलं. जमिनीखाली असतो तेवढा दाब, तेवढी ऊब. आता काही वर्षं हे उघडायचं नाही, म्हणाले. दाब उतरला किंवा ऊब गेली की सगळं वाया.

दुर्गानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे बाळंतीणच झाली ही. वारं लागू द्यायचं नाही, थंडी लागू द्यायची नाही, एकटी सोडायची नाही."

विश्वासराव मोठ्यानं हसले, पण नाव तेच पडलं. त्या खोलीला सगळे बाळंतिणीची खोली म्हणू लागले. गुजराती हिशेबनीस सुद्धा मराठी शब्द ओढून ताणून "बाळंटीन" म्हणायचा. दाबाच्या मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही हे सकाळ-संध्याकाळ बघणं, वीज गेली की बॅटरीचा दिवा लागला का ते पाहणं आणि वायूचा सिलिंडर संपत आला की मकरपुऱ्याहून दुसरा आणणं, हे तिन्ही विश्वासरावांनी दुर्गाकडे दिलं. यातलं शास्त्र तिला फारसं कळलं असं नाही. बराच काळ तिला वाटायचं की भांड्यात धूरच आहे, आणि एकदा ती पाहुण्यांना तसं सांगतही सुटली होती. पण राखण्याला शास्त्र कशाला लागतं? राखायला माणूस रोज यावा लागतो, आणि ती रोज यायची. संक्रांतीला, सगळं गाव पतंग उडवायला गच्चीवर असताना, ती दुपारी येऊन काटा बघून जायची. सुभाष म्हणायचा, तुला मुलीचा फोन आला तर तू आधी काटा बघशील आणि मग फोन. मुलगी सुरतेला दिलेली. ती आईला फोन करायची तो काटा बघायची वेळ टाळूनच.

विश्वासराव गेले. करोनातून उठले होते, पण मग उठल्यासारखे राहिले नाहीत. त्यांच्या जागी सौमित्र आले, चाळिशीचे, बाहेर शिकून आलेले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. संस्थेत पगार उशिरा होत होते, छत गळत होतं, आणि त्यांनी धावून धावून मुंबईच्या गुंतवणूकवाल्यांना तयार केलं होतं. त्या मंडळींना करजणच्या विहिरींत वायू सोडायचं काम पुढल्याच वर्षी सुरू करायचं होतं. त्यांच्या कॉम्प्युटरनं हिशेब करून सांगितलं होतं की वायू मुरतो. मग दगडाची वाट कशाला बघायची? आणि पाहुण्यांना बसवून चित्रं दाखवायला एक चांगली खोली हवी होती. संस्थेत गार हवेची, कोपऱ्यातली, चांगली खोली एकच होती.

श्राद्धपक्ष संपायला आला होता. सौमित्रनी दुर्गाला बोलावून सांगितलं, अमावस्या झाली की भांड्याचा वाल हळूहळू सोडायचा, कपाट बंद करायचं, दगड पुसून ठेवायचा, खोली रिकामी करायची. सोफा उद्याच येतोय.

"आणि करजणचं?" दुर्गानं विचारलं.

"ते पुढल्या वर्षी."

"हे न बघताच?"

सौमित्रनी डोळे चोळले. "दुर्गाबेन, मला पस्तीस लोकांचे पगार द्यायचे आहेत. त्यात तुमचाही आहे."

दुर्गा दार ओढून निघाली. बाहेर जिन्यात शलाका बसली होती. ही पोर त्याच दगडावर डॉक्टर व्हायला आली होती. सौमित्र तिचे मार्गदर्शक, त्यामुळे तिची जीभ त्यांच्यापुढे फारशी उचलत नव्हती. दुर्गापुढे मात्र तिनं सगळं सांगितलं. भांडं उघडायची ठरलेली वेळ आता थोड्याच महिन्यांवर होती. आज उघडलं तर दगड अर्धा मुरलाय की अजिबात नाही, कशानं मुरला, काहीच ठामपणे सांगता येणार नाही. कॉम्प्युटरचा हिशेब चुकीचा आहे असं तिचं म्हणणं नव्हतं. हिशेब बरोबर निघेलही. पण तो ताडून बघायला जगात तिच्याजवळ हा एकच दगड होता.

"मग तू बोल ना सरांशी."

"बोलले मावशी. ते म्हणाले, भावनेनं विज्ञान चालत नाही."

"बरं," दुर्गा म्हणाली. "मग भावनेनं काय काय चालतं ते बघू."

घरी जाताना पोळीच्या तोंडाशी मातीची भांडी मांडून बसलेल्या बायका दिसल्या. एकीकडे गुजरातणींसाठी रंगवलेले, भोकाभोकांचे गरबे. दुसरीकडे मराठणींसाठी साधे लाल घट. नवरात्र दोन दिवसांवर. दुर्गा थांबली.

शिर्क्यांच्या घरात घट बसायचे ते थोरल्या जाऊबाईंकडे, गावातल्याच वाडी भागात. दुर्गा धाकटी, तिच्या वाट्याला आयुष्यभर फक्त दर्शनाला जाणं आणि भगरीची उस्तवार. स्वतःच्या हातानं घट तिनं कधी बसवला नव्हता, आणि बसवू म्हणेल तर घरात बोलणी खावी लागली असती. पण एक नेम तिला पक्का माहीत होता, सगळ्या बडोद्याला माहीत होता, मग तो मराठी असो की गुजराती. एकदा घट बसला की दसऱ्यापर्यंत तो जागचा हलवायचा नाही, आणि त्याच्यापुढचा दिवा विझू द्यायचा नाही.

तिनं एक घट घेतला. परडीसुद्धा घेतली. करजणला भावाला फोन करून काळी माती मागवली, सकाळच्या गाडीनं.

प्रतिपदेला संस्था उघडली तेव्हा दुर्गा आधीच येऊन अंघोळ केलेल्या अंगानं बाळंतिणीच्या खोलीत बसली होती. कपाटाला लागूनच परडीत माती, मातीत गहू-ज्वारी पेरलेली, मध्ये घट, वर नारळ. कपाटाला कुंकवाची पाच बोटं आणि झेंडूची माळ. दिवा मात्र विजेचा. प्रयोगशाळेत ज्योत लावायची नाही हा विश्वासरावांचा नियम तिनं मोडला नाही. त्या दिव्याची वायर तिनं कपाटाच्याच बोर्डात लावली होती, ज्या बोर्डावर दाबाचा पंप आणि ऊब चालत होती, त्याच बोर्डात. दोन्हीचं बटण एकच.

दहाच्या सुमारास वायरमन भीखुभाई पक्कड घेऊन आला. त्याला लाइन तोडायला सांगितलं होतं. तो दारात आला, बघितलं, चपला काढल्या, हात जोडले आणि तसाच मागे सरकला.

"बेन, आ शुं कर्युं?"

"घट बसवला. तुमचा गरबो असतो तसा."

"ए तो देखाय छे. पण मारे आ स्विच बंद करवानी छे."

"कर ना," दुर्गा म्हणाली. "मी कुठं अडवलंय?"

भीखुभाईनं स्विचकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाला, साहेब मला नोकरीवरून काढतील तर दुसरी मिळेल, पण पहिल्या नोरत्याला, नवरात्राच्या पहिल्याच दिवशी, माताजीचा दिवा विझवला असं माझ्या बायकोला कळलं तर घर नाही मिळणार. आणि पक्कड खिशात घालून तो सौमित्रना हे सांगायला गेला.

सौमित्र आले ते तांबडे होऊन. आले तेही दारात थांबले, कारण बूट पायांत होते. तिथून त्यांनी बरंच काही सुनावलं. ही प्रयोगशाळा आहे, देऊळ नाही. माती कुणी आणली आत? परवानगी कुणाची? आणि खोलीत सेफ्टी बुटांशिवाय यायचं नाही हा नियम आहे, नवरात्रातली बाई अनवाणी असते, म्हणजे तोही मोडला.

दुर्गानं साडी जराशी वर करून दाखवली. पायांत संस्थेचे काळे जाड बूट होते.

"देवीला चालतात?" सौमित्र नकळत विचारून बसले.

"तिला वाघ चालतो, बूट का नाही चालणार?"

मागे कोणीतरी फुसकन हसलं. हिशेबनीस असावा. सौमित्र वळून निघून गेले. हुकूम मागे घेतला असं ते म्हणाले नाहीत, आणि घट हलवा असंही म्हणाले नाहीत. दुर्गाला तेवढं पुरेसं होतं.

मग जे झालं ते दुर्गानंही धरलेलं नव्हतं. नवा सोफा आला होता तो खोलीत जाईना, म्हणून व्हरांड्यात उभा राहिला, प्लास्टिकसकट. दुपारी सगळ्या बायका डबे घेऊन त्यावर बसू लागल्या. मग आरतीला थांबू लागल्या. हिशेबनिसाची बायको प्रसादाला सुखडी पाठवायची. आरती मराठी, मग गरबो गुजराती, मध्ये शलाका मीटरचा काटा बघून यायची. घरीही बातमी पोचली. थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, आता देवीलाही हजेरी लावायला लावलीस का गं? दुर्गा म्हणाली, लावली, आणि ती माझ्या आधी येते. सुभाष अष्टमीच्या आधी एकदा येऊन दर्शन घेऊन गेला आणि त्याच्या त्या मोठ्या आवाजात सगळ्या संस्थेला ऐकू जाईल असं म्हणाला, "एवढी मेहनत माझ्यासाठी कधी घेतली नाहीस."

हसणं होतं, पण दुर्गा दिवस मोजत होती. दसऱ्याला घट उठवावाच लागणार. मग दिवा विझणार, आणि भीखुभाईला मग कोणतीच अडचण उरणार नाही. तिनं वेळ मिळवला होता, दगड वाचवला नव्हता. रोज येऊन ती काटा बघायची आणि रोज तिला वाटायचं, आता काय?

अष्टमीला मुंबईचे पाहुणे आले. त्यांच्या प्रमुख वसुंधराबाई म्हणून होत्या. मूळच्या पुण्याच्या, साधी सुती साडी, हातात दोनच बांगड्या. सौमित्रनी त्यांना खोली नाही, सोफा व्हरांड्यात, हे कसंबसं सांगितलं. वसुंधराबाई म्हणाल्या, आधी दर्शन घेऊ. त्या आत आल्या, चपला काढून खाली बसल्या, कुंकू लावलं, आणि उठताना कपाटाकडे पाहून त्यांनी विचारलं, यात काय आहे.

सौमित्र बोलू लागले, पण दुर्गा आधी बोलली. आयुष्यात एवढ्या मोठ्या माणसापुढे ती असं बोलली नसेल.

"यात करजणचा दगड आहे, आणि तुम्ही खाली घालणार आहात तो वायू. मुरतोय का ते बघायला ठेवलाय. थोडे महिने राहिलेत. तुमच्या बसायच्या खोलीसाठी हे उघडून टाकायचं ठरलंय."

वसुंधराबाईंनी सौमित्रकडे पाहिलं, मग दुर्गाकडे. आवाज चढवला नाही. "बाई, आम्ही कोट्यवधी रुपये असेच नाही घालत. अभ्यास करून घालतो."

"पैसे तुमचे आहेत, तुम्ही कसेही घाला. जमीन माझ्या भावांची आहे. खालचं पाणी त्यांची पोरं पितात. तुमच्या घराखाली घालायचा असता तर तुम्ही थोडे महिने थांबला असता की नाही, एवढं मला सांगा."

बाहेर गरब्याची तयारी चालली होती, टाळ्यांचा आवाज येत होता.

"आणि उघडल्यावर दिसलं की मुरला नाही, तर?" वसुंधराबाई म्हणाल्या. "मग तुम्ही म्हणाल काम बंद करा?"

दुर्गानं यावर विचार केला. खरं तर हा प्रश्न तिनं स्वतःला कधी विचारला नव्हता. विश्वासरावांचं काम ते, तिला ते खरं ठरायलाच हवं होतं, आणि तरीही.

"नाही मुरला तर नाही मुरला म्हणून सांगा," ती म्हणाली. "आम्ही ऐकून घेऊ. पण बघून सांगा."

वसुंधराबाईंनी हातातला प्रसाद तोंडात टाकला आणि त्या बाहेर गेल्या. जाताना एवढंच विचारलं, तुम्ही नोकरीत अजून किती आहात. दुर्गा म्हणाली, वय झालंच आहे, साहेब दर दिवाळीला एक वर्ष वाढवून देतात.

दुसऱ्या दिवशी सौमित्रनी बोलावलं. ते खुर्चीत मागे रेलून बसले होते, दमल्यासारखे. वसुंधराबाईंनी सांगितलं होतं की भांडं ठरल्या वेळेलाच उघडायचं, पैसे त्यानंतर. उदारपणा होता की आणखी काही, सौमित्रना कळलं नव्हतं. त्या म्हणे एवढंच म्हणाल्या की नवरात्रात घट उठवून आपला सोफा घातला अशी गोष्ट बडोद्यात फिरायला नको, करजणला तर नकोच नको. म्हणजे काम पुढं ढकललं, पगारही पुढं ढकलले. सगळ्या संस्थेत आता हे कोणामुळे झालं ते माहीत होतं, आणि दुपारच्या सोफ्यावर दोन-तीन जणी जरा लांब सरकून बसायला लागल्या.

"दुर्गाबेन, मी चिडलोय," सौमित्र म्हणाले. "लपवत नाही. तुम्ही देवीला पुढं करून माझा हात धरलात. हे बरोबर केलंत असं मी म्हणणार नाही."

"म्हणू नका."

"या वर्षी तुमची मुदत वाढवणार नाही. दिवाळीला तुमची नोकरी संपेल."

तिला वाटलं होतं ओरडतील, मेमो देतील. हे वाटलं नव्हतं. सुभाषचं पेन्शन, औषधं, पोळीतलं भाडं, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. रडावं, हात जोडावे, असंही एकदा मनात आलं. ते मनात आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"नका वाढवू," ती म्हणाली. "मला मुदत नको. दगडाला मिळाली ना?"

ती दाराशी गेली तेव्हा सौमित्र म्हणाले, "शलाकाला सगळं नीट दाखवून जा. सिलिंडरचंही."

दसऱ्याला घट उठवला. परडीत गव्हाचे पिवळे कोंब चांगले वीतभर आले होते. दुर्गानं ते खुडून सगळ्यांना दिले. भीखुभाईनं टोपीत खोवले, शलाकानं वेणीत. जाऊबाई सुद्धा आल्या होत्या. कोंब बघून म्हणाल्या, आमच्याकडे यंदा एवढे आले नाहीत, माती कुठली गं? सौमित्र शेवटी आले, कोंब घेतला आणि कानामागे खोवला. त्या दिवसापुरतं त्यांचं आणि दुर्गाचं तेवढंच बोलणं. दिव्याची वायर तिनं काढली, पण बटण बंद केलं नाही. कपाट घुमत राहिलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी तिची नोकरी संपत होती. शाल-नारळाचा कार्यक्रम नको म्हणून तिनं आधीच सांगितलं होतं; उशिरा होणाऱ्या पगारात लोकांनी वर्गणी काढू नये, असं कारण दिलं. खरं कारण, तिला भाषण ऐकवत नाही. सकाळी तिनं काटा पाहिला. हिरव्या पट्ट्यात होता, पण सिलिंडर संपत आला होता. दिवाळीत मकरपुऱ्याची दुकानं बंद. तिनं दारामागचा आधीचा रिकामा सिलिंडर रिक्षात घातला. रिक्षावाल्यानं आधी विचारलं, बेन, बाटला घरचा की काय, गॅसचा आहे तर नाही नेणार. ती म्हणाली, सोड्यात घालतात तो आहे, पेटत नाही, तुझी रिक्षा पेटली तर उलट विझवेल. तो हसला आणि निघाला.

गॅसवाल्यानं भरलेला सिलिंडर काढून दिला. वरचं सील फाटलेलं दिसलं म्हणून तिनं तो परत केला आणि दुसरा मागितला. दुकानदार कुरकुरला, तिनं ऐकलं नाही. दुसरा घेऊन परत आली, शलाकाला हाक मारली आणि दोघींनी मिळून जुना काढून तो जागेवर उभा केला. साखळी बांधली. दुर्गानं वाटीत साबणाचा फेस केला, जोडाच्या ठिकाणी बोटानं लावला आणि बुडबुडा येतो का ते वाकून बघत बसली. बुडबुडा आला नाही. जरा वेळ आणखी बघितलं. मग फडक्यानं जोड पुसला, काढलेला रिकामा सिलिंडर दारामागे उभा करून त्याच्या गळ्यात "खाली" लिहिलेली पाटी अडकवली, आणि साबणाची वाटी धुऊन पालथी घातली.